दाणे कबुतरांना, मेजवानी बुरशीला

मीरा रोडच्या शांतीनगरातल्या किंवा भाईंदर स्टेशनजवळच्या एखाद्या जुन्या इमारतीत बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकावले, तर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसते. सांडपाण्याच्या पाइपांवर काटक्यांची घरटी, एसीच्या बाहेरच्या युनिटवर चिकटलेली पिसे आणि तळाशी वर्षानुवर्षे साठत गेलेला पांढरट करडा थर. तिथे ऊन पोहोचत नाही. सफाई कामगार उतरतो तो पाइप फुटला तरच. वर गच्चीवर किंवा खाली फाटकाशी कोणीतरी रोज सकाळी ज्वारी-बाजरीचे दाणे टाकत असते आणि कोणीतरी त्यावरून रोज भांडत असते.

२०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्याच्या छोट्या आवृत्त्या मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये नेहमीच चालू असतात. एका बाजूला जीवदया आणि श्रद्धा, दुसऱ्या बाजूला घाण आणि दमा. दोन्ही बाजू बोलतात ती पक्ष्याबद्दल. पण या भांडणात तिसराही एक पक्षकार आहे, ज्याचे नाव कोणी घेत नाही. तो आहे डक्टच्या तळाशी साठलेल्या विष्ठेवर वाढू शकणारे एक यीस्ट. ते कधी नुसते वाढते आणि कधी बीजाणू तयार करते, हे कळले तर सोसायटीच्या सभेतला अर्धा वाद निकालात निघेल.

यीस्ट म्हटले की आठवतो तो पाव. भाईंदरच्या बेकरीत पहाटे पिठात पडणारे यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पिठातली साखर खायची, कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि अंगावर कोंब काढून एकाचे दोन व्हायचे, एवढाच तिचा दिनक्रम. पोटाला मिळते आहे तोवर ती या पलीकडे जात नाही. पण तिचे आयुष्य एवढ्यावर संपत नाही, हे डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओयविंद विंगे यांनी १९३५मध्ये दाखवून दिले. यीस्टमध्येही दोन पक्ष असतात, ते एकत्र येतात आणि त्यांची पुढची पिढी दोघांचेही गुण घेऊन जन्मते.

या दोन पक्षांना स्त्री-पुरुष म्हणता येत नाही, कारण दिसायला दोघे सारखेच. शास्त्रज्ञ त्यांना ‘ए’ आणि ‘अल्फा’ म्हणतात. प्रत्येक पेशी आपला एक रासायनिक निरोप आसपास सोडते. अल्फा पेशीचा निरोप म्हणजे अवघ्या १३ अमिनो आम्लांची एक साखळी. समोरच्या ए पेशीच्या पृष्ठभागावर हा निरोप झेलणारा ग्राहक असतो. निरोप पोहोचला की ए पेशी आपले विभाजन थांबवते, निरोप ज्या दिशेने जास्त येतो तिकडे चोच काढल्यासारखी वाढते आणि दोघी एकमेकींत मिसळून जातात. त्यातून गुणसूत्रांचे दोन संच असलेली नवी पेशी तयार होते.

खरी गंमत पुढे आहे. ही नवी पेशी बीजाणू कधी तयार करणार, हे ठरते बँकेच्या लॉकरसारखे. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. यीस्टमध्ये पहिली किल्ली ओळखीची असते. पेशीत ए आणि अल्फा या दोन्हींचे जनुक हजर असतील तरच ती फिरते, कारण ते दोघे मिळून बीजाणूनिर्मितीला अडवणाऱ्या एका जनुकाचे तोंड बंद करतात. दुसरी किल्ली असते अन्नाची. भोवती नत्र म्हणजे नायट्रोजन उरलेला नाही आणि ग्लुकोजही संपले आहे, अशी खात्री पटली की ती फिरते. दोन्ही किल्ल्या लागल्या की ‘आयएमई१’ हे जनुक जागे होते आणि पेशी अर्धसूत्री विभाजनाच्या वाटेला लागते. शेवटी एका पिशवीत चार बीजाणू तयार होतात, जाड कवचाचे, कोरडेपणा आणि उपासमार सोसणारे. वाटेत एका टप्प्यापर्यंत पुन्हा अन्न मिळाले, तर पेशी माघारी फिरून साध्या विभाजनाला लागू शकते. तो टप्पा ओलांडला की मात्र माघार नाही.

हा निर्णय किती नाजूक असतो, यावर मुंबईतही काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हिमांशू सिन्हा यांच्या गटाने ‘टीएओ३’ नावाच्या जनुकाचा अभ्यास केला. त्यातले एकच अक्षर बदलले की यीस्टची बीजाणू तयार करण्याची क्षमता वाढते. हा बदल पेशीत नेमके कोणते मार्ग चालू करतो, याचा शोध त्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केला. कोणाला हा निव्वळ बौद्धिक खेळ वाटेल. पण एका बुरशीच्या स्वभावाचा असा कसून अभ्यास झालेला असतो, म्हणूनच दुसऱ्या, धोकादायक बुरशीला काय प्रश्न विचारायचे हे कळते.

सगळी यीस्ट एकाच नियमाने चालत नाहीत. आफ्रिकेतल्या बिअरमधून सापडलेले, स्वाहिली भाषेतल्या बिअरच्या शब्दावरूनच ‘पोम्बे’ नाव मिळालेले यीस्ट तर नत्र संपल्याशिवाय जोडीदाराकडे ढुंकूनही पाहत नाही. कुठे उपासमार मीलनाच्या आधी हवी, कुठे नंतर. पण प्रश्न सगळीकडे तेच दोन असतात: खायला काय आहे आणि शेजारी कोण आहे.

डक्टमधल्या यीस्टचे नाव आहे क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स. पावाच्या यीस्टशी त्याचे नाते लांबचे आहे. कुळाने ते अळंबीच्या जवळचे. सन १८९४मध्ये जर्मनीत एका रुग्णाच्या हाडाच्या जखमेत ते आढळले आणि त्याच वर्षी इटलीत फळाच्या रसातही. १९५५मध्ये अमेरिकेच्या चेस्टर एमन्स यांनी ते कबुतरांच्या घरट्यांत आणि विष्ठेत सापडत असल्याचे दाखवले. त्याला कारणही आहे. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन भरपूर असते. इतर अनेक सूक्ष्मजीवांना क्रिएटिनिन पचत नाही. क्रिप्टोकॉकस मात्र त्यातून आपला नत्र मिळवतो. गंमत म्हणजे ही बुरशी ओळखण्याची प्रयोगशाळेतली जुनी युक्ती महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या बियांवर बेतलेली आहे. जर्मन शास्त्रज्ञ स्टाइब यांनी १९६२मध्ये कारळ्यांचा अर्क घालून एक माध्यम तयार केले. ज्या कारळ्यांची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, तेच कारळे. त्या माध्यमावर क्रिप्टोकॉकसच्या वसाहती तपकिरी-काळ्या होतात आणि घाणीच्या नमुन्यातूनही नेमक्या उठून दिसतात.

कबूतर स्वतः सहसा आजारी पडत नाही. त्याच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे असते आणि तेवढी उष्णता या बुरशीला फारशी मानवत नाही. पक्षी पायांवरून, चोचीतून तिला इकडून तिकडे नेतो, एवढेच. खरा मुक्काम असतो तो साठलेल्या, जुन्या, कोरड्या विष्ठेत. ताज्या आणि उन्हात पडलेल्या विष्ठेपेक्षा आडोशाच्या जुन्या थरात ही बुरशी जास्त सापडते.

आता प्रश्न तिच्या मीलनाचा. १९७५मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या जून क्वॉन-चुंग यांनी क्रिप्टोकॉकसचे लैंगिक जीवनचक्र शोधून काढले. इथेही ए आणि अल्फा, इथेही फेरोमोनचे निरोप. अनुकूल परिस्थिती मिळाली की गोल पेशींमधून धागे फुटतात आणि त्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या चार साखळ्या लागतात. ही परिस्थिती कोणती, तर नत्राची टंचाई, कोरडेपणा आणि अंधार. उजेड या बुरशीच्या मीलनाला चक्क रोखतो. शरीराच्या ३७ अंश तापमानालाही ते अडते. साधारण २५ अंशांच्या आसपास ते चांगले रंगते. म्हणजे हा कार्यक्रम रुग्णाच्या फुप्फुसात होण्यासारखा नाही. तो बाहेर, वातावरणात होतो.

आणि २००७मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली गेली. कबुतरांच्या विष्ठेपासून बनवलेल्या माध्यमावर क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सने केवळ वाढच केली नाही, तर जोमाने मीलनही केले. तिची जवळची नातेवाईक असलेली क्रिप्टोकॉकस गॅटी ही बुरशी त्याच माध्यमावर वाढली खरी, पण तिचे मीलन तसे जमले नाही. म्हणजे संकेत फक्त उपासमारीचा नसतो. समोर आलेले अन्न कोणत्या जातीचे आहे, यालाही अर्थ असतो. कबुतराची विष्ठा ही निओफॉर्मन्ससाठी नुसती शिधा नाही, तिच्यावर लग्नही लागू शकते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निसर्गातून मिळणाऱ्या क्रिप्टोकॉकसच्या नमुन्यांत जवळजवळ सगळे अल्फा असतात; ए फार दुर्मीळ. मग जोडीदारच नसेल तर लग्न कोणाशी? याचे उत्तर २००५मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या जोसेफ हाइटमन यांच्या गटाने दिले. क्रिप्टोकॉकसच्या भावंड प्रकारात अल्फा पेशी अल्फाशीच जुळून बीजाणू तयार करू शकते, असे त्यांना आढळले. शिवाय बोट्स्वानातल्या नमुन्यांमध्ये जनुकांची सरमिसळ झाल्याच्या खुणा २००३मध्येच मिळाल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या बशीवरचे निरीक्षण आणि भाईंदरच्या डक्टचा तळ यांत अंतर आहे, हे खरे. पण अंधार, कोरडेपणा, विष्ठा आणि शांतता हे सगळे घटक एकत्र ठेवायचे असे कोणी ठरवले असते, तरी त्याला यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

बीजाणूंची एवढी काळजी का, तर आकारामुळे. क्रिप्टोकॉकसचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा असतो. मोठी धूळ नाकात, घशात अडते. एवढा लहान कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतो. नुसते बीजाणू दिले तरी उंदरांना संसर्ग होतो, हे २००९मध्ये दाखवले गेले. वाळून आकसलेल्या साध्या यीस्टपेशीही असाच प्रवास करू शकतात. थर शांत पडून असतो तोवर कोणाला त्रास देत नाही. तो हवेत उडतो, तेव्हा प्रश्न सुरू होतो.

इथे घाबरवणाऱ्यांनाही आवरायला हवे. धडधाकट माणसाला या बुरशीपासून सहसा काही होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या लहान मुलांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडल्याचे २००१मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे अनेकांची तिच्याशी गाठ बालपणीच पडते आणि शरीर तिला गप्प बसवते. ती फक्त कबुतरांपाशी असते असेही नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये हरबंससिंग रंधावा आणि सहकाऱ्यांनी जांभळासारख्या झाडांच्या कुजक्या ढोलींतूनही क्रिप्टोकॉकस वेगळी केली आहे. त्यामुळे शहरातले शेवटचे कबूतर हाकलले तरी बुरशी हद्दपार होणार नाही. कबुतरांमुळे होणारा फुप्फुसाचा दुसरा ओळखीचा आजार, पिसांच्या आणि विष्ठेच्या कणांची तीव्र ॲलर्जी, हा तर निराळाच विषय आहे. त्यात बुरशीचा संबंध नसतो. दोन्हींची सरमिसळ करून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेले संदेश वाद वाढवतात, समज वाढवत नाहीत.

पण ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, त्यांच्यासाठी हा विषय जीवनमरणाचा आहे. एचआयव्हीबाधित आणि सीडी४ पेशी १००च्या खाली गेलेला रुग्ण, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा, कर्करोगाच्या उपचारांतून जाणारा. अशा माणसात ही बुरशी फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. आठवडे दोन आठवडे न थांबणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, धूसर दिसणे, बोलण्यात गोंधळ. २०२०मध्ये जगभरात एचआयव्हीबाधितांना झालेल्या क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वराचे अंदाजे १,५२,००० रुग्ण होते आणि १,१२,००० मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२मध्ये धोकादायक बुरशींची पहिली प्राधान्य यादी जाहीर केली, तेव्हा क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सला सर्वांत वरच्या, ‘अतिगंभीर’ गटात ठेवले.

२०११च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. त्यानंतर इमारतींचे किती मजले वाढले, ते काशीमिऱ्यापासून उत्तनच्या रस्त्यापर्यंत नजर टाकली तरी दिसते. एवढ्या दाट वस्तीत प्रत्येक इमारतीत एखादे तरी घर असे असणारच, जिथे कोणीतरी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर किंवा केमोथेरपीवर आहे. त्या घराच्या बाथरूमची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते.

म्हणून वादाचा रोख बदलायला हवा. ‘कबूतर हवे की नको’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ढीग कोणी, कधी आणि कसा काढायचा’ हा प्रश्न सोसायटीच्या सभेत पहिल्या क्रमांकावर यायला हवा. आज होते काय, तर तक्रारी वाढल्या की सेक्रेटरी दोन मजुरांना बोलावतात, ते तोंडाला रुमाल बांधून डक्टमध्ये उतरतात आणि कोरड्या थरावर खराटा आणि फावडे चालवतात. धुळीचा लोट वरच्या मजल्यांपर्यंत जातो. जे काही वर्षानुवर्षे तळाशी पडून होते, ते एका सकाळीत सगळ्या खिडक्यांतून घरात शिरते आणि सर्वांत जास्त जाते त्या मजुरांच्या छातीत. त्यांच्या आरोग्याची चौकशी कोणी करत नाही.

योग्य रीत अवघड नाही. झाडण्याआधी थरावर पाण्याचा हलका फवारा मारून तो पूर्ण भिजवायचा, मग ओला असतानाच खरवडून जाड पिशव्यांत भरायचा. काम करणाऱ्याला रुमाल नव्हे, एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा. त्या वेळेपुरत्या डक्टकडच्या खिडक्या बंद. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्या दिवशी दुसरीकडे थांबलेले बरे. साफसफाई झाली की लगेच जाळी, नाहीतर सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. महापालिकेने जसे डासांच्या अळ्यांसाठी टाक्या तपासायची सवय लावली, तसे डक्टच्या सफाईचे साधे नियम छापून प्रत्येक सोसायटीला द्यावेत आणि ओल्या सफाईचे काम करणाऱ्या कामगारांना साहित्य मिळते की नाही, हे पाहावे. एवढ्याला कोणता मोठा निधी लागत नाही.

दाणे टाकण्याचे काय? इमारतींच्या मधोमध ते थांबायलाच हवे. कबूतर हा मुळात कड्याकपारीत घरटे करणारा पक्षी. त्याच्या नजरेतून डक्ट आणि सज्जे म्हणजे कडेच. त्याला रोज फुकटचे दाणे मिळाले की संख्या वाढते आणि संख्येबरोबर ढीग. जीवदया ही मीरा-भाईंदरमधल्या अनेक कुटुंबांची खरी, पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे आणि तिची चेष्टा करून कोणाचेही मन बदलत नाही. पण दया एकाच जिवापुरती थांबवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे डायलिसिसवाले आजोबा आणि डक्टमध्ये उतरणारा कामगार, हेही जीवच. ज्यांना पक्ष्यांसाठी काही करायचे आहे, त्यांनी जखमी पक्ष्यांच्या उपचारांना हातभार लावावा. त्यात दयाही आहे आणि कोणाच्या खिडकीखाली ढीगही नाही.

आणि डॉक्टरांनी एक गोष्ट करावी. एचआयव्हीबाधित रुग्णाचा सीडी४ आकडा १००च्या खाली असेल, तर लक्षणे नसतानाही रक्तातील क्रिप्टोकॉकसच्या प्रतिजनाची तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ही पट्टीवरची चाचणी काही मिनिटांत उत्तर देते आणि बुरशी मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी औषध सुरू करता येते. मेंदूज्वर झालाच, तरी २०२२पासून लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत तोंडाने घ्यायच्या गोळ्या, असा आधीपेक्षा सोपा उपचार शिफारशीत आहे. लांबलेल्या डोकेदुखीला ‘पित्त’ म्हणून घरी बसणाऱ्या स्टेरॉइडवरच्या रुग्णालाही हे ठाऊक हवे.

यीस्टला फक्त दोन गोष्टी विचारायच्या असतात: खायला काय आहे आणि शेजारी कोण आहे. जोडीदार तिचा ती शोधते. एकटी असली तरी तिचे अडत नाही. म्हणजे माणसाच्या हातात उरतो तो पहिला प्रश्न. डक्टच्या तळाशी तिच्यासाठी काय वाढून ठेवायचे, हे सोसायटीच्या पुढच्या सभेत ठरणार आहे. ते ठरल्यावर सफाईच्या दिवशी खराट्याआधी पाण्याची बादली पुढे आली, तरी पुष्कळ झाले.